आधी विचारा, मग वॅक्स लावा

जालन्यापासून सावंतवाडीपर्यंतची आपापली पार्लरं बंद ठेवून इथे आलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

लग्नसराईच्या तोंडावर दुकानाचं शटर खाली ओढणं म्हणजे काय, हे आपल्या व्यवसायातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एवढी पदरमोड करून तुम्ही आलात, तेव्हा परत जाताना हाताशी काहीतरी उपयोगाचं असावं, असं मला वाटतं. संमेलनाच्या अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा, सरकारकडे मागण्या कराव्यात, ही प्रथा आहे. आज ती मी बाजूला ठेवते आणि दोन बोटं रुंदीच्या एका जागेबद्दल बोलते. भुवई आणि तिच्याखालची पापणी.

आपल्याकडे भुवईचं काम दोऱ्याचं. अजूनही बहुतेक जणी दोराच करून घेतात. पण अपर लिप, हनुवटी, कपाळ यांसाठी कटोरी वॅक्स आलं आणि त्याच बैठकीत ‘भुवया पण वॅक्सनेच कर’ अशी मागणी होऊ लागली. दोऱ्यापेक्षा पटकन होतं, एका ओढीत कड स्वच्छ निघते. मागणी गैर नाही. मात्र हातापायांवर वॅक्स करून बसलेली सवय आपण तशीच डोळ्यांजवळ नेली, आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या.

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर. वॅक्स केसाला चिकटतं तसंच त्वचेवरच्या मृत पेशींच्या थरालाही चिकटतं. ओढलं की केसांबरोबर त्यातल्या काही पेशी येतात. निरोगी त्वचा हे सोसते, तासाभरात लाली उतरते. पण तो वरचा थर आधीच कमकुवत असेल, तर त्याच्याखालची जिवंत त्वचा उचलली जाते. ती जागा ओलसर, चकचकीत लाल दिसते आणि पाणी लागलं तरी चुरचुरते. आपण म्हणतो, सोलवटली. गिऱ्हाईक म्हणतं, पार्लरवालीने जाळली. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर पुढचं दुखणं वेगळंच असतं. लाली चार दिवसांत जाते, तिच्या जागी आलेला काळा डाग मात्र महिनोन् महिने राहतो.

हा थर कमकुवत कशाने होतो? माझं आजचं सगळं सांगणं या प्रश्नाभोवती आहे.

1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोन त्वचाविकारतज्ज्ञांनी त्वचेचा रंग उतरवणारं एक मिश्रण प्रसिद्ध केलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. वांगावर ते गुणकारी ठरलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे वापरायचं ते औषध. त्याच घराण्यातल्या ट्यूब आज आपल्या गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतात, आणि बायका त्या गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं लावतात. यातलं ट्रेटिनॉइन मृत पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. स्टिरॉइड दीर्घकाळ लावलं की त्वचा पातळ होते. म्हणजे एकाच ट्यूबमध्ये आपल्या वॅक्सला धोकादायक ठरणाऱ्या दोन गोष्टी. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ‘मैत्रिणीने सांगितलं म्हणून आणली’ हे वाक्य तुमच्याही कानांवर रोज पडत असेल.

आता हे लक्षात घ्या, की ती ट्यूब लावणारी बाई तिला औषध समजतच नाही. ती तिची क्रीम असते. म्हणून ‘काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं तर ती अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. प्रश्नच बदलायला हवा. ‘रात्री झोपताना चेहऱ्याला काय लावता?’ असं विचारा. ‘ट्यूबचा फोटो आहे का मोबाइलमध्ये?’ असं विचारा. ‘मुरुमांसाठी गोळ्या किंवा कॅप्सूल घेतल्यात का, या सहा महिन्यांत?’ हे तर कधीही विसरू नका. कारण आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असताना आणि बंद केल्यावर किमान सहा महिने वॅक्स करू नये, अशी सूचना त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असते. चेहऱ्याला लावायचं ट्रेटिनॉइन, अडॅपॅलीन, रेटिनॉल किंवा ग्लायकॉलिक ॲसिडसारखं काही असेल, तर निदान आठवडाभर ते थांबल्याशिवाय भुवईला वॅक्स लावू नका. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर थांबवायचं की नाही, ते डॉक्टरच ठरवतील. आपण फक्त वॅक्स पुढे ढकलायचं.

आणखी एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ‘टिकलीने किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीने कधी खाज सुटली होती का?’ पुष्कळ वॅक्समध्ये राळ असते, चीडच्या झाडाची. कित्येक चिकटपट्ट्यांमध्येही ती वापरली जात आली आहे. राळेची ॲलर्जी तिथल्या तिथे दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उमटते. म्हणूनच कानामागे थेंबभर वॅक्स लावून पाच मिनिटांनी ‘ठीक आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही. चाचणी घ्यायची तर दोन दिवस आधी घ्या.

विचारून झालं की पाहा. उजेडात, चष्मा लावून पाहा. गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्यांची जाळी, कागदासारखी चमक, चेहराभर सतत असणारी लाली दिसली, तर उत्तर काहीही मिळालेलं असो, ती स्टिरॉइडची त्वचा असू शकते. तिथे वॅक्स नाही, ब्लीचही नाही. कोडाचा डाग असेल तर जिथे त्वचा दुखावते तिथे नवा डाग उठू शकतो, त्यामुळे वॅक्स नको आणि दोराही नको. उन्हाने भाजलेली त्वचा, ओठांजवळची नागिणीसारखी पुळी, रांजणवाडी, डोळे आलेले, यांत थांबायचं.

इथे खरी अडचण येते, ती ज्ञानाची नसते. समोरची बाई म्हणते, ‘अगं, काही होत नाही, तू लाव. उद्या साखरपुडा आहे.’ ती कधी शेजारीण असते, कधी नणंदेची मैत्रीण. तिला परत पाठवलं तर ती पुढच्या गल्लीत जाईल, हे आपल्याला दिसत असतं. तालुक्याच्या गावात एक गिऱ्हाईक तुटलं की तिच्याबरोबर तिचं घर तुटतं. ही भीती खरी आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. तरीही ‘ताई, आज वॅक्स नको, दोन दिवस त्रास होईल. प्लकरने कड नीट करून देते’ एवढं म्हणण्याची हिंमत आपल्यात असायला हवी. माझ्या मते आपल्या कामातलं सर्वांत मोठं कौशल्य हेच आहे. कमान काढायला पुष्कळ जणी शिकतात. कमान काढण्याआधी हात थांबवायला फार थोड्या शिकतात.

उष्णतेबद्दल थोडं. 1947 साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, याचे प्रयोग केले. 60 अंश सेल्सिअसला पाच सेकंद पुरतात, असं त्यात दिसलं. पापणीला तेवढेही लागणार नाहीत, हे उघड आहे. आपल्याकडे काय होतं? वीज जाते, कटोरीतलं वॅक्स घट्ट होतं, वीज आली की घाईने हीटर फुल करतो. कडेचं वॅक्स उकळायला लागतं आणि मधला गोळा तसाच असतो. वरवर पाहून अंदाज येत नाही. मंद आचेवर वितळू द्या, ढवळा, आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सकाळी एकदा पाहिलं होतं, हे पुरत नाही. काडी एकदा त्वचेला लागली की पुन्हा कटोरीत जाणार नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

हाताचं तंत्र तुम्ही माझ्याइतकंच जाणता, म्हणून दोनच गोष्टी. नाकाजवळचे भुवईचे केस वर वाढतात, कानाकडचे बाजूला आणि खाली झुकतात. संपूर्ण भुवईला एकाच दिशेने ओढलं तर निम्मे केस तुटतात, मग आपण त्याच जागी दुसऱ्यांदा वॅक्स लावतो, आणि बहुतेक साली त्या दुसऱ्या ओढीतच निघतात. एका जागी एकदाच. राहिलेले चार केस प्लकरने. दुसरी गोष्ट, त्वचा दोन बोटांनी ताणून धरा आणि ओढ त्वचेला समांतर ठेवा, वर उचलू नका. वॅक्स भुवईच्या हाडावर, लवलवत्या पापणीवर नाही.

पॅकेजबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. आयब्रो, ब्लीच, फेशियल, एका बैठकीत, सवलतीत. नुकत्याच वॅक्स केलेल्या त्वचेवर ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया. त्यावर स्क्रब, त्यावर वाफ. हे पॅकेज आपणच बनवलं, आपणच मोडायला हवं. दोन कामांमध्ये काही दिवस जाऊ द्या. नवरीच्या भुवया हळदीच्या आदल्या दिवशी करू नका, तीन-चार दिवस आधी करा. काही झालंच तर सावरायला वेळ मिळतो.

वॅक्सनंतर थंड पाण्यात भिजवून पिळलेला कापूस, वर बिनवासाचं साधं जेल, बस्स. बर्फ थेट नाही, अत्तरी गुलाबपाणी नाही, त्या दिवशी भुवईला रंग नाही. आणि तिला घरी पाठवताना सांगा, की लगेचची लाली उतरेल. पण दोन दिवसांनी खाज आणि सूज आली तर ती ॲलर्जी असू शकते, पू असलेल्या पुटकुळ्या आल्या तर केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग. दोन्हींत आपल्या सल्ल्याने मलम लावायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. घरातली जुनी ट्यूब तर मुळीच नाही. त्या ट्यूबमुळेच तर हे सगळं सुरू होतं.

शेवटी संमेलनापुढे एक ठराव मांडते. पार्लरमध्ये ठेवण्यासाठी सोप्या मराठीत एक कार्ड आपण मिळून तयार करावं. एका बाजूला मघाचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईकाने घरी न्यायच्या सूचना. मजकूर आपल्यापैकी पाच जणींनी लिहावा, एखाद्या त्वचाविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा, आणि छपाईचा खर्च संमेलनाच्या शिल्लक निधीतून करावा. दुपारच्या सत्रात यावर चर्चा व्हावी. ज्यांना मजकुराच्या कामात यायचं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावनोंदणीच्या टेबलाशी नावं द्यावीत. माझं नाव मी सकाळीच लिहून आले आहे.