साथीच्या दिवसांतली बेगमी

(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी आपल्याशी बेगमीविषयी बोलणार आहे. बेगमी म्हणजे पुढच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेली सोय. पावसाळ्याच्या आधी आपण सरपण घरात घेतो, कवेलू फेरतो, तिखट-हळद कुटून डब्यात भरतो. ही सगळी बेगमीच. पण पावसाळा सांगून येतो. रोगाची साथ सांगून येत नाही. म्हणून साथीची बेगमी कशी करावी, हे वेगळे शिकावे लागते.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. गावोगाव बोड्या आहेत, जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले पुष्कळ तलाव कोहळी मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. तलाव कशासाठी बांधला? पाऊस पडतो तेव्हा पाणी धरून ठेवावे आणि पावसाने दडी मारली म्हणजे ते धानाला द्यावे, यासाठी. पण पाणी नुसते धरून भागत नाही. ते पाळीपाळीने सर्वांच्या बांधीत गेले पाहिजे. एखाद्याने रात्री जाऊन पाट फोडला आणि सगळे पाणी आपल्याच बांधीत घेतले, तर गावाचे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. घरातल्या धान्याचेही तसेच आहे. एवढी एकच गोष्ट मला आज सांगायची आहे.

साथी पूर्वीही आल्या. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली. लोक तिला मानमोडी म्हणत. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. धान्य महागले. मध्य प्रांतात, म्हणजे तेव्हा आपला भाग ज्या प्रांतात होता तिथे, या साथीने फार माणसे नेली. घरात ताप आणि कोठीत दाणा नाही, अशी दोन संकटे एकदम आली होती.

मग आली २०२० सालची कोरोनाची साथ. ती तुम्ही-आम्ही डोळ्यांनी पाहिली. २२ मार्च, रविवार. त्या दिवशी सगळा देश एक दिवस घरात बसला. मंगळवारी, २४ मार्चला रात्री, प्रधानमंत्र्यांनी सांगितले की आज मध्यरात्रीपासून २१ दिवस सगळा देश बंद. पुढे ही बंदी वाढत गेली आणि ३१ मेपर्यंत, म्हणजे सारे ६८ दिवस चालली. आरंभी आपल्या जिल्ह्यात रोगी अगदी थोडे होते. पण बंदी सगळ्यांना सारखीच. आठवडी बाजार बंद. मोटारी बंद. आगगाडी बंद. ऐन मोहफुलांचा हंगाम, आणि फुले वेचली तरी घेणारा व्यापारी गावात येईना.

किराणा दुकान, दूध, औषध बंद होणार नाही, असे सरकारने सांगितले होते. तरी त्या रात्री लोक दुकानाकडे धावले. ज्याच्या खिशात पैसा होता त्याने दोन महिन्यांचे तेल, साखर आणि डाळ एकदम उचलली. दुकानातला माल गावाला आठ दिवस पुरला असता. तो एका रात्रीत संपला. सकाळी मजुरी करणारी बाई पावशेर तेल घ्यायला गेली, तर दुकानदार म्हणाला, "तेल संपलं." माल देशात होता, गोदामात होता, पण तिच्या चुलीपर्यंत आला नाही.

अशा धावपळीने तीन नुकसाने होतात. पहिले, भाव वाढतो. दुसरे, ज्याला रोजचे रोज घ्यावे लागते त्याला काहीच मिळत नाही. तिसरे नुकसान आपले स्वतःचे. साथीत गर्दी टाळायची असते, आणि आपण मात्र दुकानापुढे एकमेकांच्या अंगावर उभे राहतो. साखरेबरोबर रोगही घरी आणतो.

तोंड झाकायच्या पट्ट्या आणि हात धुण्याचे औषधी द्रव यांचेही तेच झाले. मार्च २०२० मध्ये ते इतके दडवले गेले आणि इतके महागले की १३ मार्चला सरकारला त्यांना जीवनावश्यक वस्तू ठरवावे लागले. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ सालचा आहे. धान्य दडवून नफा काढणाऱ्यावर त्याच कायद्याने खटला होतो.

आवई तर साथीहून वेगाने पसरते. मे २०२० मध्ये शेजारच्या छत्तीसगडात कोणी तरी उठवले की मीठ संपणार. लोक पोत्याने मीठ घेऊ लागले आणि भाव चढला. अहो, आपल्या देशाला समुद्रकिनारा केवढा! एकट्या गुजरातेत केवढे मीठ पिकते! मीठ कसे संपेल? पण मोबाइलवर आले म्हणजे खरेच असणार, असे माणसाला वाटते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. वाचायला शिकला म्हणजे जे जे लिहिले आहे ते सगळे खरे, असे नव्हे. कोणी लिहिले, कोणत्या तारखेला लिहिले, हे आधी पाहायला शिका. तलाठ्याला, ग्रामसेवकाला, रेशन दुकानदाराला विचारा. मगच पिशवी उचला.

तर मग बेगमी करू नये की काय? अवश्य करावी. पण ती शांत दिवसांत, थोडी थोडी आणि हिशेबाने करावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, आणि गावाची विहीर एकट्याने उपसूही नये.

हिशेब असा. घरात पाच माणसे धरा. आपण दोन्ही वेळ भात खाणारे. माणशी ४०० ग्रॅम धरले तर दिवसाला २ किलो तांदूळ, महिन्याला ६० किलो. डाळ दिवसाला १५० ग्रॅम, महिन्याला साडेचार किलो. तेल दिवसाला १०० ग्रॅम, महिन्याला ३ किलो. मीठ दीड किलो, म्हणजे दोन पुडे पुरेत. शिवाय तिखट, हळद, गूळ, काड्यापेटी आणि अंगाच्या साबणाच्या चार-पाच वड्या. एवढी एका महिन्याची बेगमी. जमत नसेल त्याने पंधरा दिवसांची करावी. शेतकऱ्याने आपले धान वर्षभर ठेवावे, त्यात कोणाचा हिस्सा जात नाही. पण दुकानातून आणायचे ते महिन्याहून अधिक आणू नये.

आता रेशन धरा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २५ किलो आले, म्हणजे साडेबारा दिवस निघाले. बाकीची सोय आपली आपण करायची. २०२० साली एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत सरकारने माणशी आणखी ५ किलो धान्य फुकट दिले, घरटी किलोभर डाळही दिली. त्याने लाखो घरे तरली. आदिवासी कुटुंबांसाठी ४००० रुपयांचे खावटी अनुदानही २०२० सालीच मंजूर झाले. अर्धे रोख, अर्धे किराण्याच्या रूपाने. पण तो किराणा पुष्कळांच्या हाती पडायला २०२१ साल उजाडले. सरकारची मदत येते, पण तिला वेळ लागतो. तोवरचे दिवस आपल्या कोठीने काढायचे असतात.

मागच्या आठवड्यात मी हेच बोलत होतो, तर वर्गातली एक बाई उठून म्हणाली, "मास्तर, हे भरल्या घरच्या लोकाईचं झालं. आमच्या घरी आजची मजुरी आज, उद्याची उद्या. साठवाले काही उरलं पाहिजे ना!"

बाईचे म्हणणे खरे आहे. उपाशी माणसाला साठवायला सांगणे हा अन्याय आहे. लेकरांच्या ताटातले काढून मडक्यात टाका, असे मी सांगणार नाही. पण आपल्याकडे धानकापणी झाली म्हणजे काही दिवस हाताला काम असते, घरात दाणे येतात. दिवाळीपासून होळीपर्यंतचे ते चार महिने. त्या दिवसांत भाताला आधण ठेवताना एक मूठ तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकावा. दोन वेळचे दोन मुठी, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. महिन्याला ३ किलो, चार महिन्यांत १२ किलो. पाच माणसांचे सहा दिवस निघाले.

"सहाच दिवस?" असे तुम्ही म्हणाल. एकटीचे सहाच दिवस. पण बचत गटात दहा बाया असल्या तर दहा जणींचे १२० किलो होतात. ते एका कोठीत ठेवा आणि कोणी किती टाकले ते वहीत लिहा. आता तुम्हांला लिहिता येते, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायला नको. साथ एकदम सगळ्यांना लोळवत नाही. दहांतल्या दोन घरांची मजुरी बुडाली, तर तेवढ्या तांदळावर त्या दोन्ही घरांची चूल महिनाभर पेटते. हंगाम आल्यावर त्यांनी तेवढेच दाणे कोठीत परत टाकावेत. सावकारासारखी सवाई घेऊ नये. ही गावाची बोडीच समजा, पाण्याऐवजी तांदळाची.

आता साठवण कशी करावी ते ऐका. तांदळापेक्षा धान अधिक टिकते, कारण त्याला टरफलाचे कवच असते. १०० किलो धान भरडले तर सुमारे ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे ६० किलो तांदळासाठी ९० किलो धान ठेवावे. धान उन्हात खडखडीत वाळवा. दाणा दाताखाली धरला की कट्ट करून तुटला पाहिजे. दबला तर ओल आहे असे समजा. ओल राहिली की बुरशी येते आणि कीड पडते. कोठी भुईवर ठेवू नका. खाली दगड किंवा फळ्या घाला. शेणामातीने सारवून ती पुरी वाळू द्या. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून दाण्यांत घाला. तोंड लिंपून घ्या, म्हणजे उंदीर शिरणार नाही. डाळीला किलोमागे लहान चमचाभर खायचे तेल चोळले तर भुंगा लवकर लागत नाही. जुना दाणा आधी खावा, नवा मागे ठेवावा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांतून निघणारा वायू निजलेल्या माणसांचा जीव घेतो. आणि औषध लावलेले बियाणे खायच्या धानाजवळ ठेवू नका.

नुसत्या भातावर शरीर चालत नाही. बंदीत बाजार भरला नाही, तेव्हा भाजी शेतातच सडली आणि दुसरीकडे लोक मीठ-भात खात होते. म्हणून उन्हाळ्यात उडदाच्या वड्या घाला, सांडगे करा, वांग्याच्या चकत्या वाळवा. परसात एक शेवगा लावा. त्याच्या शेंगाही खातात, पालाही खातात. त्याला दुकान लागत नाही.

औषधाची बेगमी धान्याइतकीच मोलाची. घरात कोणाला रक्तदाब असेल, साखर असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने महिन्याच्या गोळ्या जवळ असाव्यात. हगवणीसाठी क्षारसंजीवनीच्या पुड्या आशाताईंकडे मागा. पुडीवरची तारीख वाचूनच ती वापरा.

शेवटी त्याच मे महिन्यातली एक गोष्ट सांगतो. देवरीकडून जाणाऱ्या मोठ्या सडकेने मजुरांचे तांडे छत्तीसगडकडे पायी चालले होते. डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू, पायांत फाटकी चप्पल. सडकेच्या कडेला अशी घरे होती, ज्यांनी त्यांना बसवून पाणी दिले, भात वाढला. ती काही श्रीमंतांची घरे नव्हती. पण त्यांच्या कोठीत दाणा होता, म्हणून त्यांना देता आला. ज्याच्या घरात काहीच नव्हते, त्याचे मन कितीही मोठे असले तरी तो काय वाढणार?

बरे तर, आता पाटी घ्या. आपल्या घरात माणसे किती, ते वर लिहा. त्याखाली तांदूळ, डाळ, तेल, मीठ असे एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर दोन आकडे मांडा. महिन्याला किती लागते आणि आज घरात किती आहे. आणि सर्वांत खाली अशा एका घराचे नाव लिहा, ज्याची चूल साथीत आधी विझेल, असे तुम्हांला वाटते. ते नाव कोणाला दाखवू नका. मात्र उद्या बचत गटाच्या बैठकीला जाल, तेव्हा ते विसरू नका.