स्टड मोडला की पाणी थांबतं
(बजाजनगर येथील बैठकीतील भाषण)



१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. बजाजनगरात राहणारी आपलीच पोरं कारखान्यात नट मोजूनमापून आवळतात. गावात आपण मात्र डिझेल इंजिनाच्या स्टडला पाइप पाना लावतो! ऐन बोंडं भरताना स्टड मोडला की कपाशीचं एक पाणी गेलंच.

आम्ही सांगतो, स्टडवर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा. काढताना खालचा नट उलटा फिरवा, बसवताना वरचा सुलटा. गंजला असेल तर रात्रभर बुडाशी डिझेल मुरू द्या. बसवण्याआधी भोक कोरडं करा. तळाशी तेल साचलं तर त्याला निघायला वाट नसते, अन् बिडाचा ब्लॉक तडकतो. स्टड बेतानेच बसवा. खरा जोर हेडच्या नटांवर, तोही समोरासमोर, थोडा थोडा.