तात्या हुसेनीवाल्याला गेले

(माधवनगर येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे झालेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका बाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, तुम्ही त्या फौजी तात्यांना घेऊन पार पंजाबात गेला होता म्हणे. ह्या वयात कशाला नेलंत त्यांना?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी वेळ संपली म्हणून उत्तर राहिले. आज सांगतो.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख फौजेला माणसे देणारा. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, त्या एका गावचे ४६ जण कामी आले. जे गेले त्यांच्या नावाची पाटी लागते. पण जे परत येतात त्यांचे काय? ते पेन्शनीत येतात, शेतात राबतात, कोणी गिरणीच्या फाटकावर पहारा करतात. त्यांनी तिकडे काय पाहिले हे आपण नीट कधी विचारीत नाही. विचारतो ते पंधरा ऑगस्टला, खुर्चीवर बसवून नि गळ्यात हार घालून.

तात्या त्यांतलेच एक. नाव सांगायचे नाही असे त्यांनी बजावले आहे, म्हणून नुसते तात्या म्हणतो. चीनच्या लढाईनंतर फौज वाढवीत होते, तेव्हा १९६३ साली ते बेळगावला भरती झाले. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, तिला फौजेत 'काली पाँचवीं' म्हणतात. तात्या तिच्यात होते. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई जुंपली, तेव्हा ही पलटण हुसेनीवाल्याला होती.

हुसेनीवाला कुठे आहे? पंजाबात फिरोजपूर म्हणून शहर आहे. तिथून सहा-सात मैलांवर सतलज नदी आणि नदीला लागून पाकिस्तानची हद्द. नदीवर पूल आणि पाणी अडवायचे दरवाजे. हे ठिकाण आपल्याला परके नाही. भगतसिंग, सुखदेव आणि आपले खेडचे राजगुरू यांना २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला फाशी दिले, आणि इंग्रजांनी रातोरात इथेच सतलजच्या काठी त्यांचे दहन केले. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. १९६१ साली आपण काही गावे देऊन ती परत घेतली. पुढे चारच वर्षांनी पूल राखायचे काम मराठ्यांच्या पलटणीवर आले. तोफांचा मारा फार झाला. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल नोलन तिथे पडले. पण पूल त्या वेळी शत्रूच्या हाती गेला नाही.

एवढे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तात्या मात्र या लढाईविषयी चकार शब्द काढीत नसत. दोन वर्षांमागे त्यांची पत्नी वारली. त्यानंतर एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. म्हणाले, "गुरुजी, एकदा त्यो पूल बघायचा हाय. पोरगं न्हाई म्हंतंय."

मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. तात्यांनी ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. पण ही काही म्हाताऱ्याची लहर नव्हे. जगभर जुन्या सैनिकांना अशी ओढ लागते. विलायतेत २००४ साली लॉटरीच्या पैशातून एक योजना निघाली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाला आपले रणांगण पुन्हा पाहायला जायचे भाडे तीत मिळे, आणि सोबतीच्या माणसाचेही मिळे. म्हणजे एकट्याने जायची ही गोष्ट नव्हे हे त्यांनी ओळखले होते. १९७१ साली बांगलादेशात लढलेल्या आपल्या जुन्या सैनिकांनाही १६ डिसेंबरला ढाक्याला बोलावण्याची प्रथा पडली. २०२४ सालीही काही जण जाऊन आले. १९६५ वाल्यांना मात्र आपणच न्यावे लागते. हे सगळे आम्ही तात्यांच्या मुलाला समजावले. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही जात असाल तर न्या." त्याचा कॉलेजातला मुलगा, म्हणजे तात्यांचा नातूही आमच्याबरोबर निघाला.

मग आम्ही पहिली चूक केली. हेडमास्तरकी केलेला माणूस, समारंभाशिवाय आम्हाला राहवत नाही! निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सत्कार ठेवला. फेटा, नारळ, फोटोवाला, आणि आमचे स्वतःचे पाऊण तासाचे भाषण. तात्या मधूनच उठले नि घरी गेले. आम्ही मागोमाग गेलो, तर म्हणाले, "मी काय केलंय तितं, ते तुमाला ठावं हाय का? मग फेटा कशाचा?" आम्हाला राग आला होता, खोटे कशाला सांगावे. त्या बोलण्याचा अर्थ पुढे कळला.

तयारीचे थोडे सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरीही असा वडीलधारा असेल. फौजेचे डिस्चार्ज बुक आधी शोधा. त्यात पलटण आणि नंबर असतो. एका कचेरीला आम्ही तीन पत्रे पाठवली, एकाचेही उत्तर नाही. तेव्हा उत्तराची वाट पाहत बसू नका. ओळखपत्र जवळ हवे, सरहद्दीवर ते लागते. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, पण खालचा बर्थ मागता येतो, तो मागून घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या नातवाच्या पिशवीत ठेवा, म्हाताऱ्याच्या नको. आणि वाटेत एक दिवस मुक्काम कराच.

आम्ही सांगलीहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला गेलो. मार्चचा पहिला आठवडा होता. दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. २०१९ साली ते खुले झाले. स्वातंत्र्यानंतर जे जे जवान कामी आले त्यांची नावे तिथे दगडी विटांवर कोरली आहेत. एका विटेवर एक नाव, अशी २५,००० हून अधिक नावे. नुसत्या भिंतीच्या भिंती! आत जायला पैसे पडत नाहीत आणि नाव शोधून देण्याची सोय आहे. तात्यांनी एक नाव सांगितले. नातवाने ते शोधले. चाकाच्या खुर्चीतून आम्ही तात्यांना त्या भिंतीपाशी नेले. त्यांनी विटेवर बोट ठेवले. बराच वेळ ठेवले. मग म्हणाले, "माजी पत्रं ह्योच लिवायचा."

हा त्यांचा दोस्त आपल्याच पंचक्रोशीतला, शेजारच्या गावचा. सातवी झालेला. तात्यांना तेव्हा सही करण्यापुरतेही येत नव्हते. घरी पोस्टकार्ड धाडायचे तर दोस्ताने लिहायचे नि तात्यांनी सांगायचे. आईला कळवायच्या गोष्टी तो आपल्या पदरच्या चार घालून लिहायचा, असे सांगताना तात्या थोडे हसले. त्यापुढे ते बोलले नाहीत. आम्हीही या खेपेला शहाणे झालो होतो, विचारले नाही.

दिल्लीहून रात्री पंजाब मेल पकडली. फिरोजपूरला पोचलो, धर्मशाळेत आंघोळी केल्या आणि रिक्षा करून हुसेनीवाल्याला गेलो. तात्या उतरले, इकडे तिकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्यो आमचा पूल न्हवं."

खरेच नव्हता. १९७१ च्या लढाईत तिथे पुन्हा तुंबळ झाली, तेव्हा जुना पूल आपल्याच लोकांनी उडवला होता. मग कितीतरी वर्षे लोखंडी तात्पुरत्या पुलावर भागवले. आत्ताचा पूल २०१८ सालचा, पक्का. जुन्या रेल्वेपुलाचा विटांचा बुरूज तेवढा उभा आहे, अंगावर गोळ्यांचे वण घेऊन. सगळीकडे हिरवागार गहू. शहिदांच्या समाधीपाशी बाग, मुले पळताहेत, भेळवाल्यासारखा कोणीतरी चणे विकतोय. तात्यांना वाटले होते, जागा आपली वाट पाहत तशीच थांबली असेल.

आम्हाला घाई झाली. "तात्या, तुमचा खंदक कुठे होता? इथे का? का तिकडे?" नातवाने मोबाइल समोर धरलेला. तात्या मुके झाले. ही आमची दुसरी चूक. शेवटी आम्ही नातवाला मोबाइल खिशात घालायला लावला आणि तिघे समाधीच्या बाजूला एका झाडाखाली बसलो. तास गेला असेल. शेजारी एक म्हातारे सरदारजी बसले होते. त्यांनी विचारले, कुठून आलात? तात्यांनी आपल्या फौजी हिंदीत पलटणीचे नाव सांगितले. सरदारजी उठले नि त्यांनी तात्यांचे दोन्ही हात धरले. लढाईच्या वेळी ते लहान होते. गाव खाली करताना मराठ्यांनी त्यांच्या आईला भाकरी बांधून दिली होती म्हणाले. ते तात्यांच्या वयाचे नसतील, दहा वर्षांनी लहान, पण दोघे म्हातारे शाळकरी पोरांसारखे बोलू लागले. बांध कुठे होता, नंतर तो कसा सरकला, नदी कशी फिरली. सरदारजींनी काठीने जमिनीवर रेघा ओढल्या. मग तात्यांनी त्या रेघांवर एक खडा ठेवला. "आमी हितं." जरा पुढे दुसरा खडा ठेवला. "आनि त्यो हितं."

सरदारजी गेल्यावर तात्या बोलले. जसे बोलले तसे सांगतो.

"गुरुजी, रातभर जिता हुता त्यो. पानी मागत हुता. दहा-पंधरा हातांवर. गोळं असं पडत हुतं की मान वर काडता येईना. मी गेलो न्हाई. पहाटं आवाज थांबला. रजेवर आलो तवा त्याच्या आईनं इचारलं, कसा गेला माझा ल्योक? मी सांगितलं, एका गोळीत गेला, त्याला कळलंबी न्हाई. त्या म्हातारीनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. तवापासनं त्या गल्लीला मी गेलो न्हाई."

साठ वर्षे! गल्ली इथून दोन कोसांवर.

आम्ही छत्तीस वर्षे शाळेत बोललो. त्या दिवशी शब्द सुचला नाही, आणि ते बरेच झाले. नातू आजोबांच्या पायाशी येऊन बसला. संध्याकाळी झेंडा उतरवण्याचा कार्यक्रम असतो, लोक तो पाहायला गर्दी करतात. आम्ही गेलो नाही. निघताना आम्ही पिशवीतून एक डबी काढली. तिथली माती गावी न्यावी, शाळेत ठेवावी, असा आमचा बेत. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माती तितंच बरी."

परतीच्या गाडीत ते गाढ झोपले. आम्ही मात्र जागे. दोस्ताची आई कधीच गेली, पण धाकटी बहीण आहे. माधवनगरातच दिलेली, आता सत्तरीच्या पुढची. तिला खरे सांगावे की नाही? आम्हाला विचाराल तर आम्ही नको म्हणालो असतो. म्हातारपणी त्या बाईला कशाला त्रास? तात्यांना तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "तिचा भाऊ हाय, गुरुजी. तुमचा न्हवं."

घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला बरोबर घेतले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. फेटा नाही. बहिणीच्या दारात थांबून म्हणाले, "तुमी हितंच बसा." आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. दार अर्धे लोटलेले. आतले काही ऐकू आले नाही. एकदा बाईंचा आवाज चढला, मग बराच वेळ सामसूम. सुनेने आम्हाला चहा आणून दिला, तो गार झाला तरी आम्ही प्यालो नाही.

दीड तासाने तात्या बाहेर आले. मागून बाई आल्या, डोळे सुजलेले. हातात एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड होते. भावाने लढाईआधी घरी धाडलेले. ते त्यांनी तात्यांच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "वाचा मोठ्यानं. मला चश्म्याबिगर दिसत न्हाई."

तात्यांनी कट्ट्यावर बसून ते वाचले. अक्षर अक्षर लावीत, अडखळत. मध्ये एक ओळ होती, तात्यांची तब्येत झकास आहे नि तो फार खातो, अशा अर्थाची. तिथे बाई हसल्या.