खोक्यातल्या हवेचे भाडे

घरचा मसाला इंटरनेटवरून विकणाऱ्यांना कुरिअरची दरवाढ जाचते. पण किंमत वाढवण्याआधी खोका मोजा. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन, यांपैकी जास्त असेल त्यावर कुरिअरवाले आकारणी करतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचे. मसाला ७०० ग्रॅमचा. पण ३०×२०×१५ चा खोका १.८ किलो धरला जातो. २५×१५×१० चा घेतलात, तर पाऊणच किलो! शिवाय पार्सल परत आले, तर जाण्यायेण्याचे दुहेरी भाडे अंगावर पडते. म्हणून पैसे घरपोच मिळायचे असतील, तर पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला फोन करा. कष्टाचा नफा हवेच्या भाड्यात घालवू नका.