ध्यान शिकवणाऱ्यांचं ट्रेनिंग: आधी झाडू, मग माळ

कोरेगावातून बोलतोय. ईअरफोन नीट लावा, आजचा विषय जरा शांतपणे ऐकायचा आहे.

तुमच्यातले बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "दादा, ध्यानाला बसलं की डोक्यात रील्स सुरू होतात. भरतीचा निकाल, घरचं टेन्शन, सगळं वर येतं. मग हे साधू लोक कसं करतात? त्यांना वेगळं काही ट्रेनिंग असतं का?"

असतं. आणि ते समजून घ्यायला हिमालयात जायची गरज नाही. इथून एसटीनं सातारा, तिथून पुढं सज्जनगड. समर्थ रामदासांची समाधी आहे तिथं.

समर्थांचा जन्म १६०८ चा, जांब गावचा. बाराव्या वर्षी घर सोडून ते नाशिकजवळ टाकळीला आले आणि बारा वर्षं तिथं राहिले. परंपरा सांगते, तिथं त्यांनी तेरा कोटी रामनामाचा जप केला. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करा: रोज जवळजवळ तीस हजार वेळा! पण दिवसभर फक्त जप नव्हता. सकाळी नदीत उभं राहून जप, दुपारी भिक्षा, मग ग्रंथांचा अभ्यास. त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून काढलेलं वाल्मीकी रामायण आजही धुळ्यात जपून ठेवलंय. म्हणजे मन, पाय आणि हात, तिन्ही कामाला लावलेले.

यातली भिक्षा फार महत्त्वाची. आपल्याला वाटतं, भिक्षा म्हणजे पोटाची सोय. दासबोधात तर भिक्षेवर अख्खा समास आहे, चौदाव्या दशकातला दुसरा. दारात उभं राहिल्यावर कुणी ओंजळभर धान्य घालतं, कुणी "पुढं जा" म्हणतं. दोन्ही वेळा चेहरा तोच ठेवायचा. डोळे मिटून मिळालेली शांती खरी की खोटी, ते त्या दारात कळतं. शिवाय गावात कोण कसं जगतंय, हेही भिक्षेच्या निमित्तानं दिसतं.

हे फक्त पुरुषांपुरतं नव्हतं. मिरजेच्या वेणाबाई बालविधवा होत्या. त्या काळात विधवेनं तोंड लपवून कोपऱ्यात बसायचं. समर्थांनी त्यांना मिरजेचा मठ सांभाळायला दिला. लोकांसमोर उभं राहून त्या कीर्तन करायच्या. लोक काय म्हणतील, ही भीती जिंकणं हीसुद्धा साधनाच की!

अगदी अलीकडचं उदाहरण श्रीधर स्वामींचं. जन्म १९०८. पुण्यात शिकत असलेला हा मुलगा १९२७ साली सज्जनगडावर आला. तुमच्याच वयाचा, अठरा-एकोणीसचा. आल्या आल्या कुणी त्याला गादीवर बसवलं नाही. पाणी आणायचं, झाडलोट करायची, पूजेची तयारी करायची, उरलेल्या वेळात जप. संन्यास घेतला तो १९४२ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. पुढं हजारो लोकांनी त्यांच्याकडून उपदेश घेतला.

आता मुद्द्याचं. ॲपवर दहा मिनिटं बसून मन शांत झालं नाही, म्हणून "माझ्यानं होणार नाही" असं म्हणू नका. ज्यांना आपण गुरू मानतो त्यांनाही वर्षं लागली, आणि त्या वर्षांतला मोठा भाग साध्या कामात गेला.

आणि सगळं सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटत असेल, तर आधी हे ऐका. आधी प्रपंच नेटका करा, हे सांगणारे समर्थच आहेत. गड ही पळून जायची जागा नाही, तिथं घरापेक्षा जास्त काम असतं! झोपच उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर घरच्यांशी बोला, डॉक्टरांना भेटा. त्यात कमीपणा नाही.

या आठवड्यात एवढंच करा. रोज एक काम निवडा, भांडी घासायची किंवा अंगण झाडायचं. मोबाईल लांब ठेवा आणि तोंडानं तुम्हाला आवडेल ते नाम घ्या. मन पळालं की परत आणा. शंभरदा पळालं तर शंभरदा आणा. हे परत आणणं हीच साधना.

सात दिवसांनी काय वाटलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!