हस्तलिखित हातावेगळे करण्यापूर्वी

कादंबरी लिहून झाली. शेवटच्या ओळीखाली तुम्ही रेघ ओढलीत, घरात पेढेही वाटलेत, आणि आता एखाद्या व्यावसायिक संपादकाकडे बाड पाठवावे असे मनात आहे. छान! पण महिनाभर थांबा. बाड कपाटात ठेवून द्या.

संपादक बहुधा शब्दांच्या नाहीतर पानांच्या हिशेबाने मोबदला घेतात. तुमचे पैसे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात जायचे, की कथेचा जीव कुठे कमी पडतो ते समजून घेण्यात?

महिन्यानंतर बाड मोठ्याने वाचा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवून. जीभ अडखळेल तिथे खूण करा. ऐकणारा घड्याळाकडे पाहू लागला तर तिथेही करा. रागावू नका.

मग एक वही घ्या. पात्राचे नाव, वय, आणि कोण कोणाला काय म्हणतो ते टिपा. आपल्या भाषेत या शेवटच्या गोष्टीला फार मोल आहे. दहाव्या पानावर धाकटा दीर वहिनीला ‘तुम्ही’ म्हणतो आणि शंभराव्या पानावर ‘तू’. मधे काही घडले असेल तर तीच कथा. नसेल तर ती चूक. यातले खरे काय, हे बिचाऱ्या संपादकाने कसे ओळखावे? तिथीही तपासा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात पूर्ण चंद्र उगवलेला मी वाचला आहे, आणि तोही चांगल्या लेखकाचा! त्या रात्री अमावास्या असते हो.

लेखनाचे नियम १९६२ साली ठरले. १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. निवेदन त्यांप्रमाणे तपासा. संवाद मात्र धुऊन पांढरे करू नका. पात्राची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांचीही मुभा आहे. मालवणी म्हातारी पुस्तकी बोलू लागली की ती मेलीच म्हणायची.

मजकूर युनिकोडमध्ये टंकित करा. जुन्या फॉन्टातून बदलून घेताना जोडाक्षरे फुटतात, आणि ती जुळवण्यातच संपादकाचे दिवस जातात.

सोबत एक चिठ्ठी जोडा. ‘कसे वाटले ते कळवा’ एवढेच नको. ‘नायिकेचे माहेरी परतणे पटते का?’ असे नेमके विचारा. आणि सारे बाड सोपवण्याआधी एकच प्रकरण देऊन पाहा. त्यांची लेखणी तुमच्या भाषेला मानवते की नाही, ते तेवढ्यात कळते.