रेषा आणि वाणी
(उज्जैन येथे तरुण चित्रकारांपुढे केलेले भाषण)



श्रोत्यांसमोर चित्र रेखाटीत त्यांच्या मनास उभारी देणारे व्याख्यान करावे व त्यावरच चरितार्थ चालवावा, अशी इच्छा आपल्यापैकी काहींनी व्यक्त केली आहे. ही कल्पना नवी वाटली तरी आपणांस परकी नाही. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व मांडतो आणि उत्तररंगात आख्यानाने ते पटवून देतो. आपले आख्यान रेषेतून व्हावयाचे आहे, एवढाच भेद.

परंतु हाताची चपळाई श्रोत्यांना क्षणभर थक्क करील. त्यांचे मन वळविण्यास सांगण्याजोगे काम पाठीशी असावे लागते. याच नगरीतील पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकर यांचे उदाहरण घ्या. १९५७ साली आगगाडीतून दिसलेल्या खडकांच्या ओढीने ते भीमबेटकाला पोहोचले आणि तेथील शैलचित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला. चित्रकाराचा हात होता म्हणून त्यांना त्या चित्रांच्या प्रतिकृती करता आल्या. रानोमाळ पायपीट केली होती म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले.

तेव्हा प्रथम विषय कमवा. शाळा-ग्रंथालयांतून छोटे कार्यक्रम करा. फलक शेवटच्या रांगेतून दिसतो की नाही, हे स्वतः तेथे बसून पाहा. मानधन, प्रवासखर्च व साहित्याचा खर्च आधीच लेखी ठरवा. जम बसेपर्यंत हातची नोकरी अथवा शिकवण्या सोडू नका; स्वतःस उद्याची विवंचना असता इतरांना धीर देणे कठीण जाते.

आपल्या उद्योगास यश लाभो.